गुरुवारचं स्टूल

१९८७ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, जळगावमधल्या एका सर्जननं ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या जामनेरच्या कुटुंबाला दोन गोष्टी सांगितल्या. त्यांच्या माणसाचा हर्निया नीट झाला होता. आणि तो करताना सर्जनच्या हातून लघवीच्या पिशवीला छेद गेला होता. छेद लगेच शिवला होता, पण लघवीची नळी आणखी काही दिवस ठेवावी लागणार होती.

कुटुंबात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डॉक्टर, तुम्ही सांगतलं नसतं तं आम्हाले कळलं असतं का?"

"नाही."

"मंग सांगतलं काहून?"

"उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनं याचं पोट उघडलं, तर त्याला माहीत पाहिजे."

गृहस्थांनी थोडा विचार केला. "मंग आता आम्ही भांडायचं का नाही?"

"भांडा की. चहा सांगितलाय, तो घेऊन भांडा."

मी त्या वेळी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, वरच्या खोलीत, १९८४ पासून नऊ वर्षं भाड्यानं राहत होतो. हा प्रसंग जिन्यावरून पाहिलेला आहे. भांडण झालं नाही. पेशंट बरा होऊन गेला, आणि पुढच्या वर्षी तेच गृहस्थ स्वतःचा हर्निया घेऊन आले.

गावात बातमी त्याच दिवशी फिरली. आमच्या संपादकांनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, छापू का? डॉक्टर म्हणाले, "छापा. फक्त पिशवी लघवीची होती, पित्ताची नाही. तुमचे लोक हमखास पित्ताची छापतील." दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर चार ओळी आल्या. त्यांत पिशवी पित्ताची होती. डॉक्टर सायकलवरून कार्यालयात आले, संपादकांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोणाची चूक ते मला सांगू नका. खुलासा कोण लिहिणार तेवढं सांगा." खुलासा संपादकांनी स्वतः लिहिला. त्या दिवसापासून दोघांची मैत्री झाली.

डॉक्टरांचं वय तेव्हा साठीच्या आसपास होतं. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आवाज मोठा. डोक्यावर केस कमी, पण भुवया दाट होत्या, आणि चूक सांगणाऱ्याकडे पाहताना त्या वर जात. दवाखाना वीस खाटांचा होता. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. हाताखाली शिकणारे सर म्हणत.

सकाळी ते मेहरूण तलावाच्या काठानं फिरायला जात आणि फिरताना त्या दिवशीचं ऑपरेशन मोठ्यानं करत. म्हणजे एकेक पायरी बोलत, आणि बोलतील तसे हात हवेत चालवत. नवीन माणूस थबकायचा. तलावावर म्हशी धुवायला येणाऱ्यांना सवय झाली होती.

"डॉक्टर, आज काय?"

"पित्ताशय."

"काल बी तेच व्हतं ना?"

"काल मधेच पाऊस आला. अर्धं राहिलं."

हिवाळ्यात ते स्वतः वांग्याचं भरीत करत आणि कर्मचाऱ्यांना, भाडेकरूंना, कधी पेशंटच्या नातेवाइकांनाही जेवायला बसवत. पहिला घास कोणी तोंडात घालायच्या आत ते उभे राहून भरतात काय चुकलंय ते सांगत. वांगी एका बाजूनं कच्ची राहिली, मिरची आधी कुटायला हवी होती, वगैरे. त्यामुळे त्यांच्या घरी जेवणाची स्तुती करणं अशक्य होतं. मुलीच्या लग्नात पंगती उठल्यावर त्यांनी मांडवात उभं राहून व्यवस्थेतल्या चुका सांगितल्या, तेव्हा व्याही घाबरले. त्यांना वाटलं, आता आपल्या चुका सांगतील. डॉक्टरांनी फक्त स्वतःच्याच सांगितल्या.

या सगळ्याचं मूळ गुरुवारच्या बैठकीत होतं. दर गुरुवारी दुपारी ओपीडी संपली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दवाखान्यातले सगळे जमत. मध्ये एक लाकडी स्टूल असे. ज्याच्या हातून आठवड्यात काही चुकलं असेल त्यानं स्टुलावर उभं राहून ते सांगायचं. सुरुवात डॉक्टर स्वतः करत. नियम दोनच होते. चूक सांगितल्यावर पुढचं वाक्य 'पण'नं सुरू करायचं नाही. आणि 'पेशंट उशिरा आला' हे म्हणायचं नाही.

दुसऱ्या नियमावर एका तरुण डॉक्टरनं एकदा वाद घातला. पेशंट खरंच उशिरा येतात, खेड्यातून येतात, आधी भगताकडे जातात, हे तो म्हणत होता आणि ते खरं होतं.

"पेशंट उशिराच येतो," डॉक्टर म्हणाले. "एस.टी. उशिरा येते, तोही उशिरा येतो. उशिरा आलेल्याला वाचवायचं शिक्षण तू घेतलंस. वेळेवर आलेला पेशंट कंपाउंडरही वाचवील."

बैठकीत शिक्षा नव्हती. हसायला परवानगी होती. आयाबाई साक्रीकडची, तिची भाषा अहिराणी. ती स्टुलावर चढली की शेड भरून जायची.

"डॉक्टरसाहेब, चूक मनी शे. बठ्ठं सांगू का थोडंसं?"

"बठ्ठं."

"मी भांडं उकळाले ठेवं, आन भाईर गप्पा मारत बसनू. भांडं कायं व्हई गयं."

"कोणाशी गप्पा मारत होतीस?"

"ते चूकमा येस का, साहेब?"

"नाही."

"मंग ते राहू द्या."

ही पद्धत डॉक्टरांनी अमेरिकेतून आणली होती. साठच्या दशकात ते तिथं सर्जरी शिकायला गेले. तिथल्या मोठ्या रुग्णालयांत दर आठवड्याला अशी सभा होते. ज्या शिकाऊ डॉक्टरच्या पेशंटचं बिघडलं असेल तो सगळ्यांसमोर उभा राहतो आणि काय झालं ते सांगतो. त्या काळी तिथं पहिल्या वर्षाला बरेच शिकाऊ घेत आणि दर वर्षी काहींना कमी करत. शेवटी दोनतीनच पूर्ण सर्जन होऊन बाहेर पडत. डॉक्टरांना तिसऱ्या वर्षी कमी केलं. परत येऊन त्यांनी मुंबईत सर्जरीची पदवी घेतली आणि जळगावात दवाखाना काढला. कमी केल्याचं त्यांनी कधी लपवलं नाही. का केलं, हे मात्र ते सहसा सांगत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्याकडे रविवारी वेगळी मंडळी येऊ लागली. धुळे, जळगाव, चाळीसगाव भागातले नुकते एमबीबीएस झालेले डॉक्टर. त्यांना अमेरिकेत सर्जरी शिकायची होती. परदेशी डॉक्टरांसाठीची तिथली परीक्षा यातल्या बऱ्याच जणांनी पास केलेली असे. गाडं अडायचं ते मुलाखतीत. सर्जरीच्या जागा थोड्या, तिथल्याच मुलांमध्ये त्यांच्यासाठी चुरस, आणि परदेशी डॉक्टरचा अर्ज शेवटी उघडायचा, अशी तिथली रीत. बालरोग किंवा मानसोपचार घ्यायला तयार असलेल्यांना जागा मिळत. सर्जरीच पाहिजे म्हणणारे डॉक्टरांकडे येत.

येताना प्रत्येकानं एक डझन केळी आणायची. केळीच्या सालीला चिरा पाडून त्यावर टाके घालायचे. साल फाटली तर ते केळं खायचं आणि दुसरं घ्यायचं. ज्यांचा हात चांगला ते उपाशी राहत. संध्याकाळी टाके घातलेली केळी वॉर्डात नातेवाइकांना वाटली जात, आणि वॉर्डात हसू पसरे.

दुपारी मुलाखतीची तालीम. डॉक्टर खोलीतला पंखा बंद करायला लावत. एप्रिल-मे असला तरी उमेदवारानं कोट घालून बसायचं. डॉक्टर पाय टेबलावर टाकून बसत, कारण त्यांच्या तिथल्या मुख्य सर्जननं तसे टाकले होते.

"माझ्याकडे बघ. भिंतीकडे काय बघतोस? भिंत जागा देणार आहे का?"

शेवटचा प्रश्न नेहमी एकच असे. तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग. यावर दहातले नऊ जण म्हणत की मोठी अशी चूक झालेली नाही. एक धुळ्याचा मुलगा म्हणाला, मी फार काम करतो ही माझी चूक आहे. डॉक्टरांनी पाय खाली घेतले आणि त्याला केळं खायला दिलं.

त्याच मुलाचे वडील पुढच्या रविवारी धुळ्याहून भांडायला आले. "माझ्या पोरानं गोल्ड मेडल घेतलंय. तुम्ही त्याला चुका सांगायला शिकवता?"

"मेडलच दाखवायचं असेल तर मेडल पाठवा," डॉक्टर म्हणाले. "मुलाला कशाला पाठवता?"

मुलगा येत राहिला. त्याला पुढं जागा मिळाली. डॉक्टरांकडे तालीम केलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मिळाल्या, आणि डॉक्टरांनी त्याचं श्रेय कधी नाकारलं नाही. नम्रपणा त्यांच्या स्वभावात नव्हता. चूक जितक्या मोठ्यानं सांगत तितक्याच मोठ्यानं 'हे मी उत्तम केलं' असंही सांगत.

प्रमिला १९९० च्या जुलैत आली. ती शिरपूरची, वडिलांची कापसाची शेती. एमबीबीएस झाली होती आणि तिला सर्जरी हवी होती. इथल्या कॉलेजात सर्जरीची जागा थोडक्यात हुकली. मुलींनी स्त्रीरोग घ्यावं असा सल्ला तिला प्राध्यापकांपासून नात्यातल्यांपर्यंत सगळ्यांनी दिला होता. तिनं अमेरिकेची परीक्षा दिली, पास झाली, आदल्या हिवाळ्यात तिथं जाऊन तीन रुग्णालयांत मुलाखती दिल्या. तिन्हीकडून नकार आला.

"चूक विचारली होती?" डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"तिन्ही ठिकाणी, सर."

"काय सांगितलंस?"

"आमच्याकडे पेशंट फार उशिरा येतात, असं."

डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली. "सिस्टर, हिला उद्यापासून ड्यूटी द्या. गुरुवार धरून."

ती सहायक डॉक्टर म्हणून राहिली. हात चांगला होता. केळी तिनं एकदाही खाल्ली नाहीत. उमेदवारीची मुदत मात्र संपत आली होती. परीक्षेतल्या इंग्रजीच्या भागाची मुदत पुढच्या जुलैपर्यंतच होती. मुलाखतीसाठी पुन्हा तिकडे जायला तिनं व्हिसा मागितला, तो नाकारला गेला. शिरपूरला तिच्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं. नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं की जुलैनंतर ते थांबणार नाहीत.

१९९१ च्या जानेवारीत एरंडोलकडच्या खेड्यातून एक म्हातारी आली, तिला सगळे अक्का म्हणत. पोटात दुखत होतं, उलट्या होत होत्या. बरोबर मुलगी आणि जावई. संध्याकाळची वेळ, डॉक्टर घरी गेले होते. प्रमिलानं पोट तपासलं. मग जांघ पाहायची म्हणून लुगड्याची गाठ सैल करायला सांगितलं. अक्कांनी नऊवारीचा ओचा दोन्ही हातांनी धरला.

"लाज नही का तुले, पोर? जवाई उभा शे ना मना!"

प्रमिलानं आग्रह केला नाही. डॉक्टरांच्या घरी फोन लावून तिनं पोटाची स्थिती सांगितली. डॉक्टर म्हणाले, सलाईन लाव, सकाळी बघू. सकाळी डॉक्टरांनी आधी जावयाला बाहेर चहाला पाठवलं, आयाबाईला चादर धरायला सांगितली आणि मग लुगडं सोडवून घेतलं. जांघेत सुपारीएवढी गाठ होती. आतडं त्यात अडकून रात्रभर आवळलं गेलं होतं. लगेच ऑपरेशन झालं. आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून काढावा लागला. अक्का वाचल्या, पण बरेच दिवस दवाखान्यात राहिल्या. संध्याकाळीच गाठ दिसली असती, तर आतडं बहुधा वाचलं असतं.

त्या गुरुवारी प्रमिला स्टुलावर चढली.

"पेशंट दोन दिवस उशिरा—"

ती थांबली. शेडमध्ये कोणी हसलं नाही. तिनं पुन्हा सुरुवात केली. "मी जांघ बघितली नाही. अक्का रागावल्या म्हणून मी सोडून दिलं. जावयाला बाहेर काढायचं मला सुचलं नाही."

ती उतरल्यावर डॉक्टर चढले. "मला फोन आला. जांघ बघितली का, हा पहिला प्रश्न असतो. तो मी विचारला नाही. घर इथून पाच मिनिटांवर आहे. मी आलो नाही. जेवायला बसलो होतो."

मार्च संपता संपता डॉक्टरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेतून फोन आला. तो होता त्या रुग्णालयात सर्जरीच्या पहिल्या वर्षाला निवडलेल्या एकानं जागा सोडली होती. जागा एक वर्षाची, पुढची हमी नाही. मुख्य सर्जन एप्रिलमध्ये फोनवर मुलाखत घ्यायला तयार होते. प्रमिलाच्या हातात त्या वर्षी तेवढीच एक मुलाखत होती.

तालमी सुरू झाल्या. चुकीबद्दलच्या प्रश्नाला तिनं एक उत्तर तयार केलं होतं. एका पेशंटला इंजेक्शनची मात्रा जास्त लिहिली, सिस्टरच्या लक्षात आलं, देण्याआधीच दुरुस्त झाली.

"ही चूक पावडर लावून आलीय," डॉक्टर म्हणाले. "अक्कांची सांग."

"नाही सर."

"का?"

"ते विचारतील, तुमचे सीनियर कुठे होते."

"मग?"

"मग मी काय सांगू?"

"जेवत होते म्हणून सांग."

"तुमच्याबद्दल मी परक्या माणसाला तसं सांगणार नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत, सर."

त्या दिवशी तालीम थांबली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो, सिस्टरही होती. डॉक्टर बाहेर येऊन ओट्यावर बसले, प्रमिला दारात उभी राहिली, आणि तेव्हा त्यांनी तिसऱ्या वर्षाची हकीकत सांगितली. पोटाच्या ऑपरेशननंतर एका पेशंटला आतून रक्तस्राव होत होता. त्यांना ते संध्याकाळीच कळलं. सीनियरला त्यांनी सांगितलं. सीनियर म्हणाला, सकाळपर्यंत थांबू. पेशंट गेला. सभेत मुख्य सर्जननं विचारलं, तू कोणाला कळवलं होतंस का?

"सीनियर समोरच बसला होता," डॉक्टर म्हणाले. "मी गप्प राहिलो. आमच्याकडेही असं बोलत नव्हते. मुख्य सर्जन म्हणाले, या माणसाला रक्तस्राव ओळखता येत नाही. त्यांना जेवढं सांगितलं गेलं त्यावरून त्यांचं बरोबरच होतं."

"आणि सीनियर?" सिस्टरनं विचारलं.

"त्यानं मला निरोपाचं जेवण दिलं. चांगला माणूस होता. शिकला मात्र काही नाही, कारण मी बोललो नाही."

 कोणती गोष्ट सांगणार, हे प्रमिलानं मुलाखतीपर्यंत कोणालाही सांगितलं नाही.

दवाखान्याचा फोन भरवशाचा नव्हता. म्हणून रुग्णालयाला आमच्या कार्यालयाचा नंबर दिला होता. एप्रिलमधल्या त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास संपादकांनी आपली केबिन रिकामी करून दिली. आत प्रमिला आणि डॉक्टर. लाइन तुटली तर बाहेरच्या बोर्डवरून जोडून द्यायची म्हणून मी दारात. टेलिप्रिंटरचा खडखडाट आत येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं. प्रमिलानं निळी साडी नेसली होती. डॉक्टरांनी टाय बांधला होता. आपल्याला तिकडून कोणी पाहू शकत नाही, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही.

फोन वेळेवर आला. संभाषण इंग्रजीत झालं. इकडची बाजू मला ऐकू आली, ती अशी.

आधी शिक्षण, मग किती ऑपरेशनं केली, किती वेळा नुसती मदत केली. तिनं दोन्ही वेगवेगळी सांगितली. मग चुकीबद्दलचा प्रश्न आला असावा. ती म्हणाली, "हो. जानेवारीत. एक वयस्क स्त्री, पोटात दुखणं आणि उलट्या. मी तिची जांघ तपासली नाही."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाले.

"नाही, विसरले नाही. तिनं नकार दिला आणि मी मान्य केलं... आमच्याकडे म्हाताऱ्या बायका एक वस्त्र नेसतात. ते मागे खोचलेलं असतं. ते सोडल्याशिवाय जांघ दिसत नाही... हो, नऊ यार्ड." पलीकडून हसणं झालं असावं. ती हसली नाही. "तिचा जावई खोलीत होता. त्याला बाहेर पाठवून, चादर धरायला लावून बघता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तसंच केलं, आणि दोन मिनिटं लागली."

ती ऐकत राहिली. मग टेबलावरचा पेपरवेट तिनं एकदा फिरवला.

"हो. माझ्या सीनियरना फोन केला होता."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहत असतानाच बोलली.

"त्यांनी सकाळपर्यंत थांबायला सांगितलं... हो, ते जवळच राहतात... नाही, आले नाहीत. जेवत होते." मग बराच वेळ ऐकून, "हो सर. माझ्या मते ते चुकलं. त्यांनी यायला हवं होतं. आणि मी त्यांना 'या' असं म्हणायला हवं होतं. मी फक्त विचारलं."

हे शेवटचं वाक्य तालमीत नव्हतं, गुरुवारी स्टुलावरही आलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

"तेही असंच म्हणतात, सर. ते इथंच आहेत... हो, समोर बसलेत." तिनं रिसीव्हर पुढं केला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

डॉक्टर उभे राहून बोलले. "हो, बरोबर आहे. सगळं. मी यायला हवं होतं... नाही, मला माहीत नव्हतं ती हे सांगणार आहे." मग त्यांनी टाय सैल केला. "तुम्ही मला विचारताय, मी हिला घेईन का? मी घेतलेलीच आहे. मला ती सोडायची नाहीये. तुम्ही तुमचं बघा."

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग प्रमिला म्हणाली, "सर, मी—"

"बस. 'पण' म्हणणार होतीस." डॉक्टरांनी टाय काढून खिशात घातला. "चहा कुठे मिळतो इथं?"

पुढच्या आठवड्यात रुग्णालयाचा होकार आला. नाना शिरपूरहून दवाखान्यात आले. ओट्यावर न बसता ते उभेच राहिले.

"डॉक्टरसाहेब, इतली शिकनी ती, आन एकच वरीसनी नोकरी?"

"एकच वर्ष. पुढचं तिनं मिळवायचं."

"आन नही मियनी तं?"

"नाही मिळाली तर माझ्याकडे यायचं. मला एक सर्जन पाहिजेच आहे."

नानांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "तठला लोके तिले हात लावू देतीन का पेशंटले?"

"नाना, इथल्या अक्कांनी लावू दिला नाही," डॉक्टर म्हणाले. "तिथं काय होतं ते बघू."

नाना मोठ्यानं हसले आणि मग बसले. स्थळांचा विषय त्या दिवशी निघाला नाही. जाताना त्यांनी सिस्टरला विचारलं की अमेरिकेत थंडी किती असते, आणि शिरपूरहून दोन घोंगड्या पाठवल्या. त्यांतली एक प्रमिलानं नेली.

नोकरीचं पत्र हाती आल्यावर या वेळी व्हिसा मिळाला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती निघाली. एक जुलैला कामावर रुजू झाली. जागा एका वर्षाची होती. त्या वर्षी तिच्याबरोबर एका वर्षाच्या जागांवर आणखी काही जण होते, त्यांत परदेशी डॉक्टरही होते.

१९९२ च्या मार्चमध्ये त्या विभागानं पुढच्या चार वर्षांची, म्हणजे पूर्ण सर्जन होईपर्यंतची, एक जागा भरली. ती प्रमिलाला मिळाली.